मासा सोडायचा तर जगेल असा सोडा

गळातून सुटलेला मासा शेपटीचा फटका मारून खोल पाण्यात दिसेनासा झाला की आपण निर्धास्त होतो. पण पोहत गेला म्हणजे जगला, असं नसतं. फार दमलेला, कल्ल्यांना इजा झालेला किंवा अंगावरचा बुळबुळीत थर निघून गेलेला मासा काही तासांनी मरतो, कधी दोन-तीन दिवसांनी मरतो. मेलेला मासा बहुधा आधी तळाला जातो. कुजायला लागला की फुगून वर येतो, आणि तोवर आपण घरी पोचलेलो असतो. काठावरच्या माणसाला आपण सोडलेल्यांपैकी किती मेले हे कळतच नाही, म्हणून सवयीही बदलत नाहीत.

जायकवाडीचा फुगवटा, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, मांजरा, माकणीचं निम्न तेरणा अशा धरणांवर हौसेनं गळ टाकणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण आता लहान मासा, अंड्यांवर आलेली मादी किंवा खायची नसलेली जात परत सोडतात. हे चांगलंच आहे. पण आपल्याकडे ते नीट करायचं तर एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागते: इथलं पाणी तापतं.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. उलट पाणी गरम झालं की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे मे महिन्यात दुपारी एक वाजता गळाला झुंजलेल्या रोहूला दम भरून काढायला जास्त हवा लागते आणि मिळते कमी. डिसेंबरात ज्या हाताळणीतून तो सहज निभावला असता, त्याच हाताळणीनं उन्हाळ्यात तो जातो.

पाण्याबाहेर नेमकं काय होतं

माशाचे कल्ले उचलून पाहिले तर आत लालभडक, बारीक पापुद्र्यांच्या रांगा दिसतात. पाण्यात हे पापुद्रे सुटे तरंगतात आणि त्यांच्या मधून पाणी जातं. बाहेर काढल्याबरोबर ते भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. भोवती हवा भरपूर असली तरी माशाला ती घेता येत नाही. त्यातच तो नुकताच झुंजलेला असतो, स्नायूंत आम्ल साचलेलं असतं, रक्ताला ऑक्सिजन हवा असतो. नेमक्या त्या वेळी आपण त्याला उचलून फोटो काढतो.

याचा हिशोब 1992 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी मांडला. त्यांनी रेनबो ट्राउट मासे पळवून दमवले. दमवल्यावर पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी 12 टक्के मासे 12 तासांत मेले. 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के मेले, आणि एक मिनिट ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. आपला रोहू किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) त्याहून चिवट, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण कल्ल्यांची रचना तीच आहे, आणि बाहेरच्या प्रत्येक सेकंदाची किंमत असते हेही तसंच राहतं. मासा हवेत दहा सेकंदांच्या आत राहावा, हा मापदंड आता जगभर सांगितला जातो. आपल्या उन्हात मी तो कमाल मर्यादा म्हणून धरतो.

कधी जायचं, कधी जायचं नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोडण्यासाठीच मासे धरण्याचा चांगला काळ. मार्चपासून पुढे मोठ्या धरणावर, वारा खेळत असेल अशा जागी, सकाळी जावं आणि ऊन तापायच्या आत गळ गुंडाळावा. दुपारी एखादा मासा लागलाच, तर तो खायला ठेवायचा आहे असं समजूनच बसावं.

पहाटेबद्दल एक खोच आहे. शेवाळानं हिरवं झालेलं शेततळं किंवा पाझर तलाव असेल, तर तिथे रात्रभर शेवाळ आणि मासे मिळून ऑक्सिजन वापरत असतात आणि ऊन पडेपर्यंत नवा तयार होत नाही. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाणी थंड असलं तरी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर गळ टाकूच नका. ऊन वर येऊन तासभर जाऊ द्या.

पावसाळ्याचं वेगळं. आषाढ-श्रावणात नदीला नवं पाणी आलं की रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकून गोळा होतात. तिथे मासा सहज लागतो, म्हणून गर्दीही तिथेच होते. अंड्यांनी टच्च भरलेली मादी धरून, पोट दाबून, फोटो काढून सोडली तर तिनं नंतर अंडी घालावीत अशी अपेक्षा कशी करायची? त्या दिवसांत बंधाऱ्याखाली गळ टाकूच नये असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात नदीत उरलेल्या शेवटच्या डोहाचंही तेच. दुष्काळी वर्षी त्या डोहातले मासे म्हणजे पुढच्या वर्षीच्या नदीचं बियाणं. त्यांना सोडण्यासाठीसुद्धा धरू नये.

परवानगीचंही आधीच बघून घ्या. बहुतेक तलावांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, मत्स्यबीज त्यांनीच पैसे घालून सोडलेलं असतं. जायकवाडीचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियमही लागतात.

साधनं

गळाच्या टोकामागे जो उलटा दात असतो, तो पकडीनं दाबून सपाट करा. नवीन गळ विकत घ्यायची गरज नाही, आहे त्याच गळाचा दात दाबता येतो. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणलेली ठेवली तर बिनदाती गळातूनही मासा सहसा सुटत नाही, आणि काढताना गळ दोन सेकंदांत निघतो. दात असलेला गळ उपसताना जबड्याचा तुकडा निघतो, रक्त येतं, वेळ जातो. तीन टोकांचा गळ असेल तर तो काढून एकटोकी लावा. तिहेरी गळाचं एक टोक ओठात आणि दुसरं डोळ्यात, असं अनेकदा होतं.

गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावून बसणाऱ्यांनी गोल गळ वापरावा. त्याचं टोक आतल्या बाजूला, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला की तो गळ घशात न रुतता सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मात्र तिथे झटका मारायचा नाही, तंगूस सावकाश ताणायची. झटक्याची सवय असलेल्याला सुरुवातीला हे जड जातं. गळ साध्या लोखंडी तारेचा असावा, स्टेनलेस नको. तुटून आत राहिला तर साधा गळ गंजून निघतो.

तंगूस माशाच्या मानानं जाड घ्या. बारीक तंगुशीवर मोठा मासा वीस मिनिटं खेळवण्यात कौतुक मानलं जातं, पण मासा त्या वीस मिनिटांतच मरायला लागलेला असतो. दहा किलोचा कटला असू शकतो अशा पाण्यात बारीक तंगूस न्यायचीच कशाला?

हातजाळं बिनगाठीचं, शक्यतो रबराचं घ्या. नायलॉनच्या गाठींचं जाळं खवले ओरबाडतं आणि परांच्या कडा फाडतं. शिवाय लांब नाकाची पकड, तंगूस कापायला कात्री आणि एक सुती टॉवेल. टॉवेल नेहमी भिजलेलाच असला पाहिजे. ही सगळी साधनं उजव्या हाताला, उघडी, पिशवीबाहेर ठेवा. मासा काठाला आल्यावर पकड शोधण्यात जे अर्धं मिनिट जातं, ते त्याच्या जिवातून जातं.

काठी रोवून चहाला जाऊ नका. लक्ष नसलं की मासा आमिष खोल गिळतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

मासा काठाला आणताना

तो पूर्ण दमेपर्यंत खेळवू नका, जमेल तितक्या लवकर जवळ घ्या. काठावर ओढू मात्र नका. आपल्याकडचा काळा पाषाण उन्हात इतका तापतो की त्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. ओल्या माशाचं पोट त्यावर टेकलं की कातडी भाजते. वाळूवर लोळला तर वाळू कल्ल्यांत जाते. म्हणून आपणच पाण्यात उतरायचं. घोट्याएवढं ते गुडघ्याएवढं पाणी पुरतं. धरणाच्या फुगवट्यात पाणी ओसरलेल्या जागी वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून मऊ असतो, माणूस मांडीपर्यंत रुततो. मुरमाड किंवा खडकाळ काठ आधीच निवडून ठेवा आणि एकटे उतरू नका.

हातजाळं पाण्यात तिरकं बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून त्यात येऊ द्या. जाळं उचलायचं नाही. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि गळ तिथेच काढायचा. मन लावून केलं तर दहापैकी आठ मासे पाण्याबाहेर काढावेच लागत नाहीत, आणि हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

धरायचं कसं

आधी दोन्ही हात पाण्यात बुडवा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जंतू आणि बुरशीला अडवतो, अंगातलं मीठ-पाण्याचं प्रमाण सांभाळतो. कोरड्या हातानं धरलं की तो थर हाताला येतो. बोटांना जे चिकट, बुळबुळीत लागतं, ते हेच. हिवाळ्यात असे मासे काही दिवसांनी पुन्हा दिसले, तर अंगावर नेमकी पंज्याएवढी जागा पांढऱ्या बुरशीनं धरलेली असते. कोरडा टॉवेल, कोरडे हातमोजे, शर्टाची बाही यांनीही तेच होतं.

मासा आडवा धरा. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांच्या मागे, पोटाखाली. आवळू नका, आत काळीज आणि यकृत आहे. उसळी मारली तर दाबण्याऐवजी पाण्यात खाली जाऊ द्या आणि पुन्हा धरा. कल्ल्यांत बोट घालून उचलण्याची पद्धत बाजारातल्या मेलेल्या माशासाठी ठीक. जिवंत माशाचे ते पापुद्रे एकदा फाटले की रक्त थांबत नाही. जबड्याला धरून उभा लटकवणंही टाळा. पाण्यात माशाचं वजन पाणी पेलतं, हवेत ते सगळं जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतं. मासा जितका मोठा तितकी इजा जास्त.

डोळ्यांवर भिजलेलं फडकं टाकलं तर बहुतेक मासे शांत होतात. पकड वापरताना याचा फार उपयोग होतो.

गळ काढणं

गळ ज्या दिशेनं शिरला त्याच्या उलट दिशेनं काढायचा. गळाचा वळलेला भाग पकडीत धरा, किंचित आत ढकला, मग फिरवून बाहेर घ्या. ओढाताण नाही.

घशात किंवा आतड्यात गेलेला गळ उपसायचा प्रयत्न अजिबात करू नका. इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात, आणि ते गळानं मरत नाहीत, आपल्या बोटांनी मरतात. घशाच्या मागे लगेच हृदय आहे. तंगूस तोंडात जितकी आत कापता येईल तितकी कापा आणि मासा सोडून द्या. पुष्कळसे मासे असा गळ काही आठवड्यांत टाकून देतात किंवा तो गंजून जातो. गळ गेला याची हळहळ करू नका.

फोटो हवा असेल तर फोटो काढणारा आधी तयार असू द्या. मासा पाण्यातच धरून ठेवा, मोजायला सुरुवात करून उचला आणि पाण्यावर वीतभर उंचीवर, पाणी गळत असतानाच, टिपा. पाचपर्यंत मोजून खाली. नीट आला नाही तर नाही. वजनासाठी काट्याच्या आकड्याला जबडा अडकवू नका. भिजलेल्या कापडाची झोळी करून तोला आणि नंतर झोळीचं वजन वजा करा.

दम भरू देणं

नदीत असाल तर माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून, पोटाखाली हात देऊन सरळ धरा. पाणी आपोआप तोंडातून कल्ल्यांकडे जातं. साचलेल्या तलावात त्याला हळूहळू पुढे नेत, वळवत, पुन्हा पुढे न्या. मागे-पुढे हलवण्याची जी रीत आहे ती सोडा. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं शिरतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. काठावरचं पाणी कोमट लागत असेल तर थोडं खोल जा.

सोडायचा केव्हा हे माशाकडे बघून ठरवा. कल्ल्याची झाकणं एका लयीत उघडमीट करू लागली पाहिजेत. त्याला हलकेच कुशीवर कलता करा आणि डोळा पाहा. मासा सावध असेल तर अंग कललं तरी डोळा फिरून पाण्याच्या पातळीशी सरळ राहायचा प्रयत्न करतो. डोळा अंगाबरोबर तसाच कलला तर तो अजून सावरलेला नाही. शेपटीला धरल्यावर त्यानं जोर लावून निसटलं पाहिजे. आपण ढकलायचं नाही, त्यानं हातातून जायचं. गेल्यावर दोन मिनिटं तिथेच उभे राहा. पोट वर करून आला तर पुन्हा धरता येतो.

जातीजातीचा स्वभाव

कटला नाजूक, खवले मोठे आणि लवकर निघणारे. चंदेरा (सिल्व्हर कार्प) त्याहून नाजूक, उड्या मारून स्वतःलाच आपटून घेतो. या दोघांना हात न लावता, पाण्यातच गळ काढून सोडणं उत्तम. रोहू, मृगळ, सायप्रिनस सोसतात.

मरळीचं सगळंच निराळं आहे. ती हवा घेते. पाण्याबाहेर ओली राहिली तर बराच वेळ जगते, म्हणून लोक तिच्या बाबतीत बेफिकीर असतात. पण मोठी मरळ फक्त कल्ल्यांवर जगू शकत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. त्यामुळे रोहूसारखी तिला पाण्याखाली दाबून धरून दम भरायला लावलं तर ती गुदमरते. गळ काढा आणि सोडा, बाकी काही करू नका. पावसाळ्यात पाण्यावर लाल-नारिंगी पिल्लांचा पुंजका एकत्र वरखाली होताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. तिथे टाकलेल्या गळावर ते चवताळून येतात, आणि त्यांना अर्धा तास जरी दूर नेलं तरी पुंजक्यावर दुसरे मासे तुटून पडतात. तो पुंजका दिसला की जागा बदला.

शिंगाळ्याचे पाठीवरचे आणि बाजूचे काटे जाळ्यात अडकतात. जाळं ओढण्यापेक्षा त्याचा एखादा धागा कापा. शिंगीचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाम हाताला विळखा घालते आणि तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, तिला भिजल्या फडक्यातच धरा. शिवड्याच्या तोंडात अंगठा घालू नका, आत दातांच्या पट्ट्या आहेत.

काही मासे सोडायचेच नाहीत. थाई मांगूर हा आफ्रिकी मासा, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो दिसेल ते खातो. चिलापीही बाहेरचीच आणि बेसुमार वाढणारी. काचेच्या टाकीतून कोणीतरी नदीत टाकलेला खरबरीत अंगाचा सकर मासाही त्यातलाच. हे लागले तर परत टाकू नका. आणि कुठलाही मासा एका तलावातून दुसऱ्या तलावात नेऊन सोडू नका. त्याच्याबरोबर रोगही जातात.

जाळ्यातले लहान मासे

संस्थेच्या भोई मंडळींना यातलं बरंच ठाऊक असतं. मत्स्यबीजाची पिशवी आणली की ती आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं झाल्यावर तोंड उघडायचं, हे त्यांच्या हाताला सवयीचं आहे. तीच काळजी जाळ्यात आलेल्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) मिळायला हवी. फेकजाळं काठावर झटकून मग लहान मासे वेचण्याऐवजी गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळं उकला, मोठे टोपलीत घ्या, लहान तिथेच सुटू द्या. रात्रभर लावलेल्या फासजाळ्यात कल्ल्यांना दोरा बसलेला मासा सकाळपर्यंत सहसा वाचत नाही. लहान मासा वाचवायचा तर मोठ्या आसाचं (छिद्रांचं) जाळं वापरणं हाच उपाय, सोडण्याला तिथे अर्थ उरत नाही.

हौशी माणसानंही इतकं मान्य करावं. कल्ल्यातून रक्त वाहत असेल, किंवा पाच-दहा मिनिटं धरूनही मासा सरळ राहत नसेल, तर तो जगणार नाही. संस्थेचा नियम आड येत नसेल तर तो घरी न्या आणि कालवण करा.

कालव्याचं आवर्तन बंद झालं की अस्तरीकरणातल्या खड्ड्यांत मासे अडकतात, पोरं ते काढून धरणात नेतात. बादली कालव्याच्याच पाण्यानं भरा, गर्दी करू नका, वरून ओलं गोणपाट टाका, बर्फ घालू नका. त्याच कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथून ते आले त्या धरणातच सोडा. सोडण्याआधी बादली धरणाच्या पाण्यात टेकवून, त्यात दर दोन मिनिटांनी तांब्याभर धरणाचं पाणी ओतत राहा. पंधरा मिनिटांनी बादली आडवी करा आणि मासे आपले आपण बाहेर येऊ द्या.